त्रेसष्ट नावांची फळी

एका जंगलात, जिथे रस्ता नव्हता, दिवा नव्हता, पण समित्या मात्र अकरा होत्या, यशोदाक्का नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असतात ती.

मुलांनो, समिती म्हणजे काय ते आत्ता विचारू नका. मोठेपणी तुम्हाला कुणीतरी एखाद्या समितीत घेईलच. तेव्हा कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

यशोदाक्काची खानावळ होती. सुरण, रताळी, करांदे, अळकुड्या, जमिनीखाली जे जे पिकतं ते ते ती उकरून आणायची, चिरायची आणि शिजवायची. सगळं जंगल तिच्याकडे जेवायचं. वाघसुद्धा यायचा. वाघ सुरणाची भाजी कशी खाईल, असं त्या कोपऱ्यातल्या चष्मेवाल्याला वाटतंय. बाळा, तू आक्काच्या हातची भाजी खाल्ली असतीस तर तुला असं वाटलं नसतं.

आता आक्का चिरायची कशावर? दगडावर. ओढ्यातून आणलेला एक चपटा दगड होता. चिरून चिरून त्याला मध्ये खळगा पडला होता. त्या खळग्यात सुरण ठेवला की तो डुगडुगायचा, आणि सुरी दगडावरून सटकायची. विळी वापरायची ना, असं तुमची आई म्हणेल. विळीवर बसून बघा म्हणावं पाठीला काटे घेऊन.

तर एक दिवस सुरी सटकली आणि आक्काच्या अंगठ्याला लागली. जखम भरली. पुन्हा सटकली, पुन्हा तिथंच लागली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा आक्का कासववैद्यांकडे गेली.

वैद्यांनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. ते फार हळू बोलायचे.

"आक्का," ते म्हणाले, "चौथ्यांदा इथं लागलं तर अंगठा ठेवता येणार नाही."

"आन् अंगठ्याबिगर म्या सुरण धरू कशी?"

"तेच सांगतोय. खानावळ बंद करावी लागेल."

आक्का परत आली आणि त्याच दगडावर त्याच सुरीने संध्याकाळची भाजी चिरायला बसली. दुसरं करणार काय? चाळीस जण जेवायला यायचे होते.

हे सगळं रंगनाथने ऐकलं. रंगनाथ हा सुतारपक्षी. गेल्या वर्षी एका खैराच्या खोडावर त्याची चोच तडकली होती. महिनाभर त्याला काही फोडता येईना, की चावता येईना. तेव्हा आक्काने रोज रताळं उकडून, कुस्करून, त्यात मीठ घालून त्याला भरवलं. चोच बरी झाली. आक्काने पुन्हा तो विषय काढला नाही. रंगनाथ मात्र विसरला नव्हता.

त्याने ठरवलं, आक्काला भाजी चिरायला एक लाकडी फळी करून द्यायची. कुणाला बोलला नाही. मुकाट्याने कामाला लागला.

इथपर्यंत गोष्ट कशी छान चालली आहे, नाही? म्हणजे आता कुणीतरी येणार.

पण त्याआधी फळी कशी झाली ते ऐका, कारण या गोष्टीत खरं काम तेवढंच झालं आहे.

दोन वर्षांपूर्वी वादळात शिवणीचं एक झाड पडलं होतं. त्याचा ओंडका रंगनाथने सावलीत वाळत ठेवला होता. ओल्या लाकडाची फळी केली तर ती महिन्याभरात वाकते, आणि मग सुरण पुन्हा डुगडुगायला मोकळा. हा ओंडका दोन वर्षं वाळून खणखणीत झाला होता. रंगनाथने त्यातून हातभर लांब आणि दोन बोटं जाड फळी कापली. तिच्यावर रंधा मारला. आक्काला टोचू नयेत म्हणून कोपरे गोल केले. जिला जन्मतःच हजार काटे आहेत तिला कोपरा टोचू नये याची काळजी करणारा तो प्राणी होता.

मग घासकाम. जंगलात काचपेपर कुठला? पारिजातकाची पानं खरखरीत असतात, ती घेऊन त्याने फळी घासली. मग फळीवर पाणी शिंपडलं. पाणी पडलं की लाकडाची बारीक बारीक कुसं उभी राहतात. ती वाळू द्यायची आणि पुन्हा घासायची. असं त्याने चारदा केलं. घाई असलेले लोक एकदा करतात. अगदीच घाई असलेले लोक वर चकचकीत रंग मारतात आणि तो रंग तुमच्या भाजीत येतो.

शेवटी मोहाच्या बियांचं तेल आणि मधमाश्यांचं मेण एकत्र गरम करून त्याने ते फळीत जिरवलं. फळीवर हात फिरवला तर कुठे अडकत नव्हता. रंगनाथने एकदा सोडून तीनदा फिरवून पाहिला. त्याला फार बरं वाटलं. आता आक्काचा अंगठा वाचणार होता.

तेवढ्यात मेणाच्या वासावर तरस आलं. हे तरस जंगलाच्या सत्कार समितीचं चिटणीस होतं.

"हे काय?"

"फळी. आक्कासाठी."

"कुणातर्फे?"

रंगनाथला प्रश्न समजला नाही. "तर्फे म्हणजे? मीच देणार. आज संध्याकाळी जेवायला जाईन तेव्हा."

तरस हसलं. तरसांना हसायची सवयच असते, पण हे हसणं वेगळं होतं. "रंगनाथ, आक्काकडे सगळं जंगल जेवतं. तू एकट्याने भेट दिलीस तर बाकीचे कसे दिसतील? चार प्राणी काय म्हणतील, याचा विचार केलास?"

रंगनाथने तो केला नव्हता. तो लाकडाचा विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. अध्यक्ष होते आबासाहेब गवा. आबासाहेब आकाराने एवढे मोठे होते की ते अध्यक्ष नसले तरी बैठक त्यांच्याच भोवती भरायची. फळी मध्यभागी ठेवण्यात आली. सगळ्यांनी तिला वास घेऊन पाहिलं.

"उत्तम," आबासाहेब म्हणाले. "ही भेट आपण सर्व मिळून देत आहोत. रंगनाथने फळी दिली आहे. बाकीच्यांनी आपापलं नाव द्यायचं."

सगळ्यांनी ताबडतोब नाव दिलं. इतक्या झटपट वर्गणी त्या जंगलात कधी गोळा झाली नव्हती.

हसताय? घरी जाऊन तुमच्या तांब्याच्या बुडाखाली बघा. डब्याच्या झाकणावर बघा. आत्याचं, मामाचं, लग्नाची तारीख, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असेल. एकदा तर मी पंख्याच्या पात्यावर कुणाच्या तरी आजोबांचं नाव वाचलं. पंखा बंद होता म्हणून वाचता आलं.

"नावं मी खालच्या बाजूला कोरतो," रंगनाथ म्हणाला. "वरची बाजू चिरायला मोकळी राहील."



"खालच्या बाजूला?" मोर म्हणाला. मोराने शेपटी मिटून घेतली, इतकं त्याला लागलं. "म्हणजे आमची नावं ओट्याला घासत बसणार?"

"दोन्ही बाजूंना घाला," तरस म्हणालं. "त्रेसष्ट नावं आहेत. एका बाजूला मावणारही नाहीत."

"आबासाहेब," रंगनाथ अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "अहो, फळी गुळगुळीत असते म्हणून तिच्यावर चिरता येतं. अक्षरांत कांदा अडकणार. तो तिथं कुजणार. आणि सुरी खाचेत अडखळली तर पुन्हा आक्काच्या अंगठ्यालाच लागणार. ज्याच्यासाठी हे सगळं करतोय..."

"तू कारागीर आहेस रे," आबासाहेब मायेने म्हणाले. "तुला लाकूड कळतं. यामागची भावना तुला नाही कळायची. आणि माझ्या नावाखाली 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' असं घाल. जरा खोल घाल, दोन दिवसांत झिजायला नको."

मग काय, सगळ्यांनाच खोल हवं झालं. सशाने नावाआधी 'श्री.' लावून घेतलं. मोराने नावाभोवती वेलबुट्टी मागितली. दोन भेकरांमध्ये आधी कुणाचं नाव यावं यावरून आठ दिवस वाद झाला, आणि तेवढे आठ दिवस आक्का दगडावर चिरत राहिली. रंगनाथ रोज जेवायला जायचा आणि आधी तिच्या अंगठ्याकडे बघायचा. असला की जेवायला बसायचा.

त्याने कोरायला नकार का दिला नाही? मलाही त्याचा राग येतो. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं येतो. पण तुमच्या झाडाखाली त्रेसष्ट जण उभे राहून रोज "आमचं कधी?" विचारत असतील, आणि त्यातला एक गवा असेल, तर तुम्हीही कोराल. रंगनाथने कोरलं. चारदा घासलेल्या, तेल प्यालेल्या फळीवर त्याने आपल्याच चोचीने त्रेसष्ट नावं खोदली. 

शेवटी त्याने विचारलं, "आबासाहेब, 'यशोदाक्कास सप्रेम भेट' हे कुठं घालू? जागाच उरली नाही."

आबासाहेबांनी क्षणभर विचार केला. "राहू दे. ती ओळखते की स्वतःला."

"आणि माझं नाव?"

"तुझं कशाला? तू तर फळी केलीच आहेस."

समारंभ झाला. सात भाषणं झाली. आक्काच्या त्यागावर आबासाहेब इतके बोलले की त्या दिवशी चुलीवरची भाजी करपली. मग आक्काच्या हातात फळी दिली. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. तिने फळी उलटी केली, सुलटी केली, तिच्यावरून हात फिरवला. हात जागोजागी अडकला.

"लई नावं हायती," ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ खानावळीत गेला. फळी दारासमोरच्या भिंतीवर टांगलेली होती. तिला झेंडूची माळ घातली होती. आणि खाली आक्का बसली होती, दगडावर सुरण चिरत.

"आक्का, हे काय? फळी का वापरत नाहीस?"

"वापरली की रं," आक्का म्हणाली. "एक डाव कांदा चिरला तिच्यावर. निम्मा कांदा त्या 'स्मरणार्थ'मदी जाऊन बसला. माझाच एक काटा उपटून उकरून काढला. तेवढ्यात आबासाहेब आलं जेवायला. म्हनालं, आक्का, आमच्या वडलांवरनं सुरी फिरवताय व्हय? मग काय करू बाबा? टांगली."

"पण दगडावर..."

"दगडावर कुनाचं नाव न्हाई. दगड बरा."

बोलता बोलता सुरण डुगडुगला. सुरी सटकली आणि चिंधीच्या कडेला लागली. चिंधी तुटून खाली पडली. अंगठा वाचला होता, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतराने. आक्का सुरीकडे बघत बसली. तिचे काटे नुसते थरथरत होते. एरवी वाघापुढेही ते थरथरले नव्हते.

रंगनाथला स्वतःची लाज वाटली. हे आपण केलं. दुसऱ्या कुणी नाही, आपल्या चोचीने केलं.

त्याने माळ काढून खुंटीला अडकवली. फळी खाली उतरवली. घरी जाऊन रंधा घेऊन आला आणि खानावळीच्या दारातच, भर दुपारी, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बसून फळीवर रंधा मारायला लागला.

रंध्याखालून पातळ, गुंडाळलेल्या ढलप्या निघू लागल्या. प्रत्येक ढलपीवर एकेक नाव आरपार कापलेलं. खोल कोरलेली नावं ती. एका थराने जाईनात. एका ससोबासाठी चार थर काढावे लागले. आबासाहेबांचे आणि त्यांच्या वडिलांचे सात.

आक्का दारात येऊन उभी राहिली. "आरं रंगनाथा, नावं चालली की सगळी."

"जाऊ दे."

"आबासाहेब काय म्हनतील?"

"काहीतरी म्हणतीलच. तू सुरण आण."

एक बाजू झाली, दुसरी झाली. पारिजातकाची पानं आली, पाणी आलं, पुन्हा पानं आली, तेल आलं. फळी दोन बोटं जाड होती, ती एक बोट उरली. पण गुळगुळीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल पुरतं जिरल्यावर रंगनाथने ती ओट्यावर ठेवली.

आक्काने तिच्यावर सुरण ठेवला. सुरण जागचा हलला नाही. तिने सुरी घेतली. पहिल्या दोन फोडींना ती अंगठ्याकडे बघत होती. तिसरीपासून बघायची विसरली. सबंध सुरण चिरून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं, कारण कांदा अजून घेतलाच नव्हता.

"कशी झालीय?" रंगनाथने विचारलं.

"माझ्यासाठी केल्यावानी झालीय," आक्का म्हणाली.

दुपारी समिती जेवायला आली. आबासाहेबांनी दारातून आत पाऊल टाकलं, भिंतीकडे पाहिलं आणि तिथंच थांबले. त्यांच्यामागचे बासष्ट जण त्यांच्यावर आपटले.

"आमची फळी कुठं आहे?"

आक्काने सुरी थांबवली नाही. "ही काय, हितं."

सगळे ओट्याभोवती जमले. फळीवर रताळ्याच्या फोडी होत्या. फोडींखाली लाकूड होतं. लाकडावर काहीच नव्हतं.

जो गोंधळ झाला तो मी सांगत नाही. लहान मुलांसमोर काही शब्द बोलायचे नसतात. रंगनाथने आपण रंधा मारल्याचं कबूल केलं. कुणी त्याला कृतघ्न म्हणालं, कुणी त्याला परजंगलात पाठवायचा ठरावच मांडला. आक्काचा अंगठा समोरच होता, फोडींवर ठेवलेला, चिंधीशिवाय. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शेवटी तरसाने घसा साफ केला. "समितीच्या घटनेत स्पष्ट लिहिलं आहे. जिच्यावर देणाऱ्याचं नाव नाही, ती भेट समितीची नव्हे."

"ऐकलंत?" आबासाहेब गरजले. "ही आमची भेटच नव्हे. आक्का, फळी परत करा."

आक्काने पहिल्यांदाच सुरी खाली ठेवली.

"आबासाहेब, नाव न्हाई म्हून ती तुमची न्हाई, असंच म्हनताय न्हवं?"

"असंच."

"मग जी तुमची न्हाई, ती तुमाला परत कशी करू?"

आबासाहेब विचार करू लागले. गव्याला विचार करायला वेळ लागतो. त्यांनी तरसाकडे पाहिलं. तरसाने छताकडे पाहिलं. घटनेत याच्यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग ही आहे कुणाची?" मोराने विचारलं.

"ज्यानं केली त्यानं मला दिली. म्हंजी माझी," आक्का म्हणाली. "बसा आता. भाजी निवतीया. मी भाकऱ्या टाकते."

आणि भाकरीसाठी चूल पेटवायला तिने दारातल्या ढलप्यांतली मूठभर उचलली.

"थांबा," मोर किंचाळला. "माझं नाव चुलीत चाललंय."

मुलांनो, त्यानंतर जे झालं तसं त्या जंगलात वणव्यातही झालं नव्हतं. त्रेसष्ट जण त्या ढलप्यांच्या ढिगावर तुटून पडले. सशाने चार ससे मिळवले. मोराची वेलबुट्टी अखंड निघाली होती, तो नाचलाच. दोन भेकरांना आपापलं नाव स्वतंत्र मिळालं आणि त्यांचा वाद मिटला. आबासाहेबांना सातच्या सात सापडल्या, आणि ते वडिलांच्या आठवणीने खरंच गहिवरले. प्रत्येक जण आपलं नाव जपून, दातांत नाहीतर चोचीत हलकं धरून, घरी पळाला. भाजीला कुणी शिवलंही नाही.

पुढच्या बैठकीत रंगनाथविरुद्धचा ठराव मागे घेतला गेला. इतकी समाधान देणारी भेट समितीने आजवर कुणाला दिली नव्हती, असं सर्वानुमते ठरलं. आज त्या जंगलात प्रत्येकाच्या घरी भिंतीवर एक ढलपी आहे. पाहुणे आले की तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, "आम्ही आक्काला दिली होती, त्यातली ही."

त्या दुपारी खानावळीत दोघंच उरले. आक्काने रंगनाथला सुरणाची भाजी वाढली आणि आपल्यालाही घेतली. तिने भाकरी मोडली ती त्याच अंगठ्याने. अंगठा आजही जागेवर आहे. समितीच्या वह्यांमध्ये त्याची नोंद नाही.

तात्पर्य : कुणालाही काही भेट द्याल तर तिच्यावर आपलं नाव जरूर घाला, म्हणजे निदान नाव तरी सुखरूप घरी परत येतं. ज्यांच्या नावाला जागा उरली नाही, त्यांनी गरम भाजीवर समाधान मानावं.